गुरांच्या गळ्यातला पट्टा आणि त्याची नोंदवही

गायी-म्हशींच्या गळ्यात किंवा पायात बांधायच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांच्या बातम्या आता वरचेवर वाचायला मिळतात. जनावर कुठे आहे, किती चालले, किती वेळ रवंथ केला, माजावर आले का, आजारी पडणार आहे का, हे सगळे मालकाच्या मोबाइलवर दिसते असे त्यात लिहिलेले असते. आपल्यापैकी बरेच जण अशी बातमी कौतुकाने वाचतात आणि पान उलटतात. आपण शहरात राहतो, आपला संबंध सकाळच्या दुधाच्या पिशवीपुरता, असे वाटणे साहजिक आहे.

पण आपण बडोद्याचे लोक आहोत. आणंद आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. बडोदा डेअरी १९५७ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध मंडळ्यांचे दूध गोळा करते. आपल्या मंडळातल्या अनेक कुटुंबांची पादरा, डभोई, सावली या बाजूंना शेती आहे. काहींची मुले असल्या यंत्रांचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतात. आणि आमच्यासारख्या ज्यांनी बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये वर्षे काढली, त्यांनी म्हशींसाठी कर्जे दिली आहेत आणि त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर फाइलमध्ये लिहिले आहेत. म्हणून या विषयाकडे जरा हिशेबी नजरेने पाहावे असे वाटले.

पट्टा करतो काय?

यंत्राचे तत्त्व अवघड नाही. मोबाइल आडवा धरला की पडद्यावरचे चित्रही आडवे होते, ते ज्या छोट्या भागामुळे होते तोच भाग या पट्ट्यात असतो. तो हालचाल मोजतो. चारा खाताना मान एका पद्धतीने हलते, रवंथ करताना दुसऱ्या, नुसते उभे राहिल्यावर तिसऱ्या. काही दिवसांत त्या विशिष्ट जनावराची रोजची सवय यंत्राकडे जमा होते. मग त्या सवयीत फरक पडला की सूचना येते. निरोगी गाय दिवसात साधारण सात ते दहा तास रवंथ करते. ते प्रमाण एकदम घसरले तर काहीतरी बिघडले आहे असे समजायचे. बरेचदा दूध कमी होण्याआधी किंवा अंगात ताप जाणवण्याआधी हे लक्षात येते.

पायात बांधायचा पट्टा पावले मोजतो. गाय माजावर आली की ती अस्वस्थ होते, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फिरते. इस्राएलमध्ये अफिकिम या किब्बुत्झमध्ये १९७७ पासून दूध मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणि पुढे असे पावले मोजणारे पट्टे तयार होऊ लागले. न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेल्या हॅल्टर कंपनीने त्यापुढची पायरी गाठली. त्यांचा पट्टा सूर्यप्रकाशावर चालतो आणि कुंपणाचेही काम करतो. शेतकरी मोबाइलवर रेघ ओढतो. गाय त्या रेघेजवळ गेली की पट्टा आवाज करतो, थरथरतो, आणि तरीही ती थांबली नाही तर हलका झटका देतो. नॉर्वेच्या नोफेन्स कंपनीने हेच काम आधी शेळ्यांसाठी केले.

आपल्या देशातही हे अगदी नवे नाही. सांगली जिल्ह्यात भिलवडीच्या चितळे डेअरीने जनावरांना आरएफआयडी बिल्ले लावून प्रत्येकाची नोंद संगणकावर ठेवायला बरीच वर्षे झाली. बेंगळुरूच्या स्टेलॅप्स कंपनीने २०११ पासून दूध व्यवसायासाठी अशी साधने बनवायला सुरुवात केली. त्यांच्या पायातल्या पट्ट्याचे नाव 'मूऑन' आहे.

परदेशी गोठा आणि आपले अंगण

इथे पहिला प्रश्न उभा राहतो. न्यूझीलंडमध्ये एकेका शेतकऱ्याकडे शेकडो गायी मोकळ्या चरत असतात. त्याला प्रत्येक गाय ओळखणे शक्य नाही, म्हणून यंत्र त्याचे डोळे होते. आपल्याकडे एका घरात दोन-तीन जनावरे आणि तीही दाव्याला बांधलेली. म्हैस कुठे आहे हे सांगायला उपग्रहाची गरज नाही, ती परसात आहे. बांधलेले जनावर फार चालू शकत नाही, त्यामुळे नुसती पावले मोजून माज ओळखायच्या यंत्राचा इथे कस लागतो.

शिवाय आपल्याकडे दुधात म्हशीचा वाटा फार मोठा. म्हशीचा माज गायीसारखा उघड नसतो. उन्हाळ्यात तर 'मुका माज' ही नेहमीची तक्रार असते. म्हैस आतून माजावर असते पण बाहेर लक्षण दिसत नाही, किंवा रात्री थोडा वेळ दिसते आणि सकाळी काहीच नसते. परदेशी होल्स्टीन गायींच्या मोकळ्या गोठ्यांत घेतलेल्या नोंदींवर शिकवलेले यंत्र मेहसाणी किंवा जाफराबादी म्हशीला जसेच्या तसे लागू पडेल असे धरून चालता येत नाही. ते इथल्याच म्हशींवर, इथल्याच उन्हाळ्यात तपासलेले हवे. विकणाऱ्याला विचारायचा हा पहिला प्रश्न.

मग जागा दाखवणारा पट्टा आपल्याकडे निरुपयोगी आहे का? तसेही नाही. कच्छच्या बन्नी भागातल्या म्हशी रात्री स्वतःच चरायला जातात आणि सकाळी परत येतात. मालधारींनी शतकानुशतके जपलेली ही पद्धत आहे, आणि बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली. तिथे रात्री कळप कुठे आहे हे कळण्याला किंमत आहे. म्हणजे एकच यंत्र सगळीकडे सारखे उपयोगी नाही. परसातल्या म्हशीला माज आणि आजार ओळखणारे हवे, माळावरच्या कळपाला ठिकाण सांगणारे.

एकवीस दिवसांचा हिशेब

आता पैशांचे पाहू. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, आपापल्या गावच्या भावाने बदलून पाहावेत.

गाय-म्हैस साधारण २१ दिवसांनी माजावर येते. माज काही तासांचाच असतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे हा जुना ठोकताळा आहे. ती वेळ चुकली की पुढचे २१ दिवस गेले. समजा भाकड म्हशीच्या चाऱ्या-पाण्याचा खर्च दिवसाला २०० रुपये आहे. एक माज चुकला की ४,२०० रुपये गेले. तीन चुकले की ६३ दिवस आणि १२,६०० रुपये. यात न मिळालेले दूध धरलेलेच नाही. म्हशीचे कर्ज थकीत होण्याची सुरुवात पुष्कळदा अशी होते. म्हैस आजारी नसते, मेलेली नसते, ती फक्त वेळेवर गाभण राहिलेली नसते. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

दुसऱ्या बाजूला समजा पट्टा ८,००० रुपयांचा आहे, पाच वर्षे टिकतो आणि सेवेसाठी वर्षाला १,००० रुपये द्यावे लागतात. म्हणजे वर्षाचा खर्च २,६०० रुपये. वर्षाला एक चुकणारा माज जरी पकडला गेला तरी पट्टा परवडतो. पण दोन म्हशींच्या घराने ५,२०० रुपये वर्षाला द्यायचे, तेही फायदा दिसण्याआधी, हे सोपे नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते. त्या काळात माज ओळखण्याचा प्रश्नच नाही. पट्ट्याच्या या गुणाची खरी गरज व्याल्यानंतर पुन्हा गाभण राहीपर्यंतच्या चार-पाच महिन्यांतच असते. मग प्रत्येक म्हशीला कायमचा पट्टा कशाला? गावच्या दूध मंडळीने २० पट्टे घेतले आणि एकेका म्हशीला चार महिने बांधले तर वर्षात ६० म्हशींचे काम होते. जनावर बदलले की त्याची सवय ओळखायला यंत्राला काही दिवस द्यावे लागतील, पट्टे धुऊन निर्जंतुक करावे लागतील, पण हे काम मंडळीचा सचिव किंवा रेतन करणारा कार्यकर्ता करू शकतो. ट्रॅक्टर भाड्याने घेतो तसेच हे. प्रत्येकाने विकत घ्यायची वस्तू म्हणून पट्टा छोट्या शेतकऱ्याला जड जाईल, मंडळीची सोय म्हणून तो झेपेल.

आणखी एक व्यवहाराची अडचण. म्हशीचे सगळे काम बहुतेक घरांत बाई करते. धार तीच काढते, चारा तीच घालते, म्हशीची नजर बदलली की पहिल्यांदा तिलाच कळते. पण पट्ट्याची नोंदणी घरातल्या मुलाच्या मोबाइलवर होते आणि तो नोकरीला वाघोडियाच्या कारखान्यात. पहाटे चारला आलेली माजाची सूचना तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहतो. सूचना गोठ्यात असणाऱ्या बाईच्या फोनवर, गुजरातीत आणि शक्यतो आवाजात यायला हवी, आणि त्याच वेळी मंडळीच्या रेतन कार्यकर्त्यालाही जायला हवी. एवढे झाले नाही तर उत्तम यंत्रही वाया जाते.

बिल्ला ते पट्टा

आतापर्यंत जनावराची ओळख म्हणजे कानातला बिल्ला. कर्ज देताना विमा काढायचा, पशुवैद्याचा दाखला घ्यायचा आणि बिल्ल्याचा नंबर लिहायचा. बिल्ला नाही तर दावा नाही, हा विम्याचा साधा नियम. यातून गैरप्रकारही झाले. एका म्हशीचा बिल्ला दुसरीच्या कानात गेला, मेलेल्या जनावराच्या जागी दुसरेच दाखवले गेले. उलट बाजूही होती. खऱ्या मालकाची खरी म्हैस मेली, पण बिल्ला आधीच झुडपात अडकून तुटलेला, म्हणून त्याचा दावा नामंजूर. दोन्ही प्रकार शाखेत बसणाऱ्यांना माहीत आहेत.

पुढे केंद्र सरकारने १२ आकडी 'पशु आधार' क्रमांकाचा पिवळा बिल्ला देशभर लावायला घेतला. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झाला, तेव्हापासून लसीकरणाची नोंद या क्रमांकावर होते. 'भारत पशुधन' या प्रणालीत जनावराची जात, लस, रेतन, मालकाचे नाव असे सगळे एकत्र येते. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटींहून अधिक गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी-रेडे आहेत. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन होते. एवढ्या मोठ्या धंद्याची नोंद असावी यात गैर काही नाही. २०२२ मध्ये लंपीची साथ कच्छ-सौराष्ट्रात पसरली तेव्हा कोणत्या गावात किती जनावरे आणि कोणाला लस दिली याची नोंद किती मोलाची असते हे सगळ्यांनी पाहिले.

पण बिल्ला आणि पट्टा यांत फरक आहे. बिल्ला म्हणजे नुसते नाव. पट्टा म्हणजे चालू खाते. त्यात दर तासाला नोंद पडते. त्या म्हशीच्या तब्येतीवरून आणि दुधावरून त्या घरात दरमहा किती पैसा येतो हे बाहेर बसलेल्या माणसाला जवळपास सांगता येते. म्हशीचा रवंथ ही गुपित गोष्ट नाही हे खरे. पण ती नोंद सभासदाचे नाव, मोबाइल आणि बँक खाते यांना जोडली की ती त्या माणसाच्या उत्पन्नाची माहिती होते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसांच्या माहितीसाठी आहे. आमच्या मते मालकाच्या नावाशी जोडलेल्या जनावराच्या नोंदीकडेही त्याच नजरेने पाहायला हवे.

नोंद कोणाच्या कामी येणार?

बँकेला ही नोंद हवीच असेल. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्डची सोय २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून आली आणि शेतीच्या विनातारण कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपये झाली. ज्या बाईकडे जमिनीचा सातबारा नाही पण चार चांगल्या म्हशी आहेत, तिला पट्ट्याच्या नोंदीवर कर्ज मिळाले तर ती मोठी गोष्ट आहे. बँकेत बसून आम्हाला अशी माणसे दिसत. व्यवहार चोख, पण दाखवायला कागद नाही.

तीच नोंद उलटीही वापरता येते. दूध घटते आहे असे दिसल्याबरोबर कर्ज नाकारणे, आजाराच्या दोन सूचना आल्या म्हणून विम्याचा हप्ता वाढवणे, 'सूचना आली होती, तुम्ही डॉक्टर बोलावला नाही' म्हणून दावा फेटाळणे. सूचना बॅटरी संपल्यामुळे आलीच नसेल तर ते सिद्ध कोणी करायचे? शहरात याचे आणखी एक रूप दिसले. २०२२ मध्ये गुजरात विधानसभेने शहरांतल्या गुरांवर नियंत्रणाचे विधेयक मंजूर केले. त्यात परवाना, बिल्ला आणि दंड यांची तरतूद होती. मालधारी समाजाने तीव्र विरोध केला आणि सप्टेंबरमध्ये ते मागे घेतले गेले. मोकाट गुरांमुळे होणारे अपघात आपणही रोज पाहतो, त्यामुळे नियम नकोच असे आम्ही म्हणत नाही. पण जो बिल्ला लसीसाठी म्हणून लावला तो उद्या दंडासाठी वापरला जाणार अशी शंका आली, की लोक लसीलाही जनावर पुढे करत नाहीत. यात नुकसान सगळ्यांचेच.

आणंदने हा प्रश्न एकदा सोडवला आहे

खेडा जिल्ह्याचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९४० च्या दशकात शेतकरी दूध दलालाला घालत होता आणि ते पोल्सन डेअरीकडे जात होते. दूध किती, त्याचा कस किती, भाव किती, यातले काहीही शेतकऱ्याच्या हातात नव्हते. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा दूध संघाची नोंदणी झाली. सुरुवात दोन गावच्या मंडळ्या आणि दिवसाला २४७ लिटर दुधापासून झाली. १९४९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन आले, पुढे दलायांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली. त्या यंत्रांची गोष्ट आपण नेहमी ऐकतो. पण मंडळीच्या पातळीवर घडलेली गोष्ट आम्हाला तेवढीच महत्त्वाची वाटते. दूध सभासदासमोर मोजले गेले, फॅट गावातच तपासली गेली आणि आकडा सभासदाच्या पुस्तकात लिहिला गेला. मोजणाऱ्याला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार सभासदांच्या मंडळीकडे आला.

पट्ट्याच्या बाबतीत हीच रीत लागू करता येते. आपल्या बडोद्याच्या मराठी लोकांना तर हे परके नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही झाला नव्हता. ओळखीच्या माणसांनी एकमेकांच्या पैशाचा हिशेब एकमेकांसमोर ठेवायचा, हीच त्यामागची कल्पना.

बँक व्यवहारातही उदाहरण आहे. सप्टेंबर २०२१ पासून चालू झालेल्या अकाउंट अॅग्रिगेटर व्यवस्थेत ग्राहकाची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे जाते ती त्याच्या संमतीने, ठरलेल्या कामासाठी आणि ठरलेल्या मुदतीपुरती. संमती मागेही घेता येते. माणसाच्या खात्यासाठी हे जमते, तर म्हशीच्या खात्यासाठी न जमण्याचे कारण नाही.

आमच्या मते मंडळीने पट्टे घेण्यापूर्वी करारात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात:

१. नोंदीची मालकी सभासदाची. मंडळी ती सांभाळणार, कंपनी फक्त यंत्र चालवणार.

२. दर महिन्याला सभासदाला त्याच्या जनावराच्या नोंदीचा उतारा गुजरातीत, दुधाच्या हिशेबाबरोबरच मिळावा.

३. बँक, विमा कंपनी किंवा सरकारी खाते यांना नोंद द्यायची तर दर वेळी वेगळी संमती आणि मुदत. पट्टा घेताना एकदाच घेतलेली सही कायमची समजू नये.

४. केवळ पट्ट्याच्या नोंदीवरून विम्याचा दावा नाकारता येणार नाही. पशुवैद्याचा दाखला आणि मंडळीची साक्ष ग्राह्य धरावी.

५. कंपनी बदलली किंवा बंद पडली तर सगळ्या जुन्या नोंदी मंडळीला वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळाव्यात.

६. पट्टे आधी एका उन्हाळ्यात इथल्या म्हशींवर चालवून पाहावेत. किती माज यंत्राने पकडले आणि किती रेतन कार्यकर्त्याला कळले, हे वार्षिक सभेत सांगावे.

यातली एकही अट यंत्राच्या विरोधात नाही. पट्टा चांगला आहे, मुक्या माजाच्या बाबतीत तर त्याची गरजच आहे. पण आज कंपन्या पट्टे स्वस्तात, कधी फुकटही बांधायला तयार झाल्या तर त्याचे कारण समजून घ्यावे. फुकट पट्ट्याची किंमत नोंदीतून वसूल होते. एकदा हजारो जनावरांच्या नोंदी बाहेर गेल्या की त्या परत आणता येत नाहीत, म्हणून अटी आधी घालायच्या.

आपल्या मंडळातल्या ज्या कुटुंबांची जनावरे गावी आहेत त्यांनी आपल्या दूध मंडळीच्या पुढच्या वार्षिक सभेत हे प्रश्न विचारावेत. जी मुले या क्षेत्रात काम करतात त्यांनी सूचना बाईच्या फोनवर आणि तिच्या भाषेत कशी जाईल हे आपल्या कार्यालयात मांडावे. आणि आमच्यासारखे निवृत्त बँकवाले मंडळातही पुष्कळ आहेत. करारातला मजकूर वाचून समजावून सांगणे हे काम आपण आयुष्यभर केले आहे. कोणत्याही गावच्या मंडळीला असा करार वाचून घ्यायचा असेल तर आपल्यापैकी दोघे-तिघे एखाद्या रविवारी जाऊ शकतात. इच्छुकांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे.